दुष्काळाच्या वाटेवरील प्रार्थना : पंडिता रमाबाई आणि मध्य प्रांतातील अनाथ मुली

भेडाघाट (जबलपूर) : संगमरवरी कड्यांमधून वाहणारी नर्मदा आणि धुवाँधारचा प्रपात यांसाठी भेडाघाट देशभर ओळखला जातो. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र या परिसराची ओळख वेगळी होती. १८९६-९७ च्या महादुष्काळात मध्य प्रांतातील ज्या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली, त्यांत जबलपूरचा समावेश होता. त्याआधीची काही वर्षे गव्हावर तांबेरा पडून पिके हातची गेली होती. शेतकऱ्यांच्या कणग्या रिकाम्या होत्या आणि सावकाराकडील पत संपली होती. अशा स्थितीत १८९६ चा पाऊस वेळेआधीच थांबला. नर्मदा बारमाही असली तरी ती खोल कड्यांच्या तळाशी वाहत होती. काठावरची शेती आभाळाच्या भरवशावर होती. पाणी डोळ्यांसमोर असूनही शेते करपली. गावे ओस पडू लागली आणि आईबापांना अंतरलेली मुले रस्त्यांवर, बाजारांत आणि सरकारी निराश्रितगृहांच्या दारांत दिसू लागली.

या संकटाच्या वार्ता पुण्यात शारदा सदन चालवणाऱ्या एका विधवा विदुषीपर्यंत पोहोचल्या. तिच्याजवळ शिल्लक पैसा नव्हता. समाजातील अनेक जुने हितचिंतक तिच्यापासून दुरावले होते. तरीही प्रार्थनेतून मिळालेल्या निश्चयाच्या बळावर ती मध्य प्रांताच्या दुष्काळी भागात निघाली. तिचे नाव पंडिता रमाबाई. तिच्या आयुष्यात संकट आणि श्रद्धा यांचे नाते कसे घडत गेले, याची ही कहाणी आहे.

तीर्थाटनातील बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान होते. स्त्रीने संस्कृत शिकणे तेव्हा शास्त्रबाह्य मानले जाई. तरीही त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी तेच ज्ञान आपल्या मुलीला दिले. पुढे हे कुटुंब घर सोडून तीर्थयात्रेला निघाले. एका क्षेत्राहून दुसऱ्या क्षेत्री जायचे, देवळांत किंवा नदीकाठी पुराण सांगायचे आणि श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करायचा, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. या भटकंतीत रमाबाईंना हजारो श्लोक मुखोद्गत झाले. भारताच्या अनेक भाषा आणि अनेक प्रकारची माणसे त्यांनी लहान वयातच जवळून पाहिली.

१८७० च्या दशकात दक्षिण भारतात दुष्काळ पडला आणि पुराण ऐकून दक्षिणा देणारे हात आखडले. अंगमेहनत करण्याची या कुटुंबाला सवय नव्हती आणि भीक मागणे त्यांच्या स्वाभिमानाला रुचत नव्हते. होते नव्हते ते विकून झाले. व्रते, उपवास आणि अनुष्ठाने यांत उरलेली शक्ती खर्ची पडली. शेवटी झाडाची पाने आणि पाणी यांवर दिवस काढण्याची वेळ आली. दृष्टी गमावलेले वृद्ध अनंतशास्त्री १८७४ मध्ये वारले. काही आठवड्यांतच आई गेली. त्यानंतर थोरली बहीणही गेली. आईच्या प्रेताला खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळाली नाहीत, तेव्हा चौथा खांदा रमाबाईंनी दिला. उंची कमी पडल्याने तिरडीचा भार त्यांना डोक्यावर घ्यावा लागला.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या मनावर उमटलेला हा ठसा कधीच पुसला गेला नाही. भुकेने माणसाचे काय होते आणि विधी यथासांग करूनही मनाला आधार न मिळाल्यास कशी पोकळी उरते, हे तिने अनुभवाने जाणले. पुढे मध्य प्रांतातील मुलींकडे पाहताना रमाबाईंना आपलेच गतायुष्य दिसत होते.

गौरव आणि आघात

रमाबाई आणि बंधू श्रीनिवासशास्त्री उत्तरेकडे चालत राहिले आणि १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी या तरुणीची विद्वत्ता पारखून तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. स्त्रीशिक्षणावरील तिची व्याख्याने गाजली. मात्र १८८० मध्ये बंधूंचे निधन झाले. त्याच वर्षी जूनमध्ये रमाबाईंनी बंगाली वकील बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर ब्राह्मण नव्हता, त्यामुळे हा विवाह त्या काळी मोठ्या धाडसाचा ठरला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा या कन्येचा जन्म झाला. पुढच्याच वर्षी, ४ फेब्रुवारी १८८२ रोजी, पटकीच्या आजाराने पती गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. कडेवर जेमतेम दहा महिन्यांची मुलगी होती.

आसामातील सिल्चर येथील वास्तव्यात त्यांच्या हाती लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत आली होती. तेव्हा ते कुतूहलाने केलेले वाचन होते. १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि हंटर आयोगासमोर स्त्रियांच्या शिक्षणाविषयी व स्त्री डॉक्टरांच्या गरजेविषयी साक्ष दिली. याच वर्षी त्यांचा 'स्त्रीधर्मनीति' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या इच्छेने १८८३ मध्ये त्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. मात्र ऐकू कमी येत असल्याने ती वाट बंद झाली.

श्रद्धेचा स्वीकार आणि स्वतंत्र बुद्धी

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील अँग्लिकन भगिनी मंडळाकडे त्यांचा मुक्काम होता. या मंडळाचे एक काम लंडनजवळील फुलम येथे चालत असे. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय आणि नवे आयुष्य मिळे. ज्या स्त्रियांकडे पाहणेही पाप मानले जाते, त्यांची सेवा करणाऱ्या स्त्रिया रमाबाईंनी प्रथमच पाहिल्या. या करुणेचा उगम शोधताना त्या ख्रिस्ताच्या चरित्रापर्यंत आल्या. विहिरीवर पाणी भरण्यास आलेल्या शोमरोनी स्त्रीशी ख्रिस्ताने केलेल्या संभाषणाने त्यांना विशेष भारावले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात या वार्तेने खळबळ उडाली. एवढी विद्वान ब्राह्मण स्त्री परधर्मात गेली, याचे दुःख अनेकांना झाले. तेही समजण्याजोगे होते. पण रमाबाई नव्या धर्मातही कोणाच्या आज्ञेखाली गेल्या नाहीत. त्रैक्याच्या सिद्धान्तासह अनेक प्रश्नांवर त्यांनी भगिनींशी आणि धर्माधिकाऱ्यांशी पत्रांतून वाद घातला. क्रूसावर लॅटिन अक्षरे का असावीत, तेथे संस्कृत का नको, असा त्यांचा प्रश्न होता. शाकाहार त्यांनी सोडला नाही. धर्म स्वीकारला म्हणजे विवेक कोणाकडे गहाण ठेवला असे होत नाही, ही त्यांची धारणा होती. पुढील आयुष्यातील त्यांच्या प्रार्थनेला बळ मिळाले ते याच स्वातंत्र्यातून.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये तेथे प्रसिद्ध झाले आणि बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. बालविधवांसाठीच्या धर्मनिरपेक्ष शिक्षणसंस्थेला दहा वर्षे साहाय्य देण्याचे या संस्थेने मान्य केले. त्या आधारावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. गोदूबाई ही तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी होती. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये विवाह झाल्यावर ती आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखली जाऊ लागली. १८९० मध्ये सदन पुण्यास हलले.

विश्वासाची किंमत

शारदा सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे ठरले होते आणि ते पाळलेही जात होते. मात्र रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली आपणहून तेथे येऊन बसत. मुलींना प्रार्थनेस बोलावू नये हे त्यांना मान्य होते, पण आलेल्या मुलीला दार बंद करणे त्यांना मान्य नव्हते. दुसऱ्या बाजूस, तटस्थतेच्या भरवशावर मुली पाठवणाऱ्या पालकांना ही विश्वासाची मोडतोड वाटली. 'केसरी'ने कठोर टीका केली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी सदनाशी संबंध तोडला. अनेक पालकांनी मुलींना काढून नेले.

हा आघात मोठा होता. स्त्रीशिक्षणाच्या चळवळीत सर्वांत जवळचे मानलेले सुधारक दूर गेले होते. रमाबाईंच्या श्रद्धेलाही याच काळात वेगळे वळण लागले. ख्रिस्ती धर्म आपण बुद्धीने स्वीकारला, पण ख्रिस्ताला हृदयाने अजून ओळखले नाही, असे त्यांना जाणवू लागले होते. १८९१ च्या सुमारास आलेल्या अंतर्मुखतेतून त्यांच्या मनाला शांती लाभली. तेव्हापासून प्रार्थना हा त्यांच्या दिनक्रमाचा कणा बनला.

१८९६ मध्ये लोणावळ्याच्या प्रार्थनामेळाव्यास त्या आपल्या पंधरा मुलींसह उपस्थित होत्या. ख्रिस्ती झालेल्या या पंधरा मुलींची संख्या पंधरापट व्हावी, म्हणजे पुढच्या मेळाव्यापर्यंत दोनशे पंचवीस मुली आपल्या हाती याव्यात, अशी प्रार्थना त्यांनी तेथे केली. त्या घडीला या मागणीला व्यवहारात कसलाही आधार नव्हता. सदनात इतकी जागा नव्हती आणि इतक्या मुलींना पोसण्याइतका पैसाही नव्हता.

मध्य प्रांताची वाट

वर्ष संपण्याआधीच मध्य प्रांतातील दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या. रमाबाई प्रथम द्विधा होत्या. साधने अपुरी होती आणि सदनाची जबाबदारी अंगावर होती. पण वीस वर्षांपूर्वीची स्वतःची भूक त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी प्रार्थना केली आणि निर्णय झाला. मुंबई-कलकत्ता लोहमार्ग १८७० मध्ये जबलपूर येथे जोडला गेला होता, त्यामुळे मध्य प्रांताचा प्रवास आता रेल्वेने करता येत होता. ज्या प्रकारच्या वाटा त्यांनी पोरवयात उपाशीपोटी पायी तुडवल्या होत्या, त्यांकडे त्या आता इतरांना वाचवण्यासाठी निघाल्या.

तेथे त्यांना दिसलेले दृश्य हृदयद्रावक होते. निराश्रितांसाठी म्हणून जी ठिकाणे होती, तेथे पुरेसे छप्पर नव्हते. हाडांचे सापळे झालेली माणसे झाडांखाली पडून होती. अन्नाइतकाच दुसरा धोका तरुण मुलींवर घोंघावत होता. एकट्या पडलेल्या मुलींना फसवून कुमार्गाला लावणारे लोक दुष्काळी भागात फिरत होते. भुकेने मरण किंवा विक्री, असे दोनच मार्ग अनेक मुलींपुढे उरले होते. रमाबाईंनी तिसरा मार्ग उघडला. या दौऱ्यांतून आणि सहकाऱ्यांच्या मदतीने सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांच्या आश्रयास आल्या. लोणावळ्यात मागितलेली संख्या ओलांडली गेली होती.

उत्तर मिळाले, पण त्यासोबत मोठा भारही आला. आलेल्या मुली रोगट आणि भेदरलेल्या होत्या. अनेकींना अन्न पचत नव्हते. काही जणी मिळालेले अन्न लपवून ठेवत, कारण उद्या पुन्हा मिळेल यावर त्यांचा विश्वास बसत नसे. त्यांना न्हाऊ-माखू घालणे, जखमा धुणे, औषध देणे आणि रात्री जागणे हे काम महिनोन्महिने चालले. सुंदरबाई पवार यांच्यासारख्या सहकारिणी या कामात त्यांच्यासोबत होत्या.

प्लेग आणि केडगावचे माळरान

एक संकट सरत नाही तोच दुसरे आले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला. शहरात एवढ्या मुली एकत्र ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. रमाबाईंनी पुण्यापासून सुमारे ५५ किलोमीटरवरील केडगाव येथे शेतजमीन घेऊन ठेवली होती, पण तेथे राहण्याजोग्या इमारती नव्हत्या. दुष्काळातून आलेल्या मुलींना तंबू आणि तात्पुरत्या छपरांखाली हलवावे लागले. प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या असुरक्षिततेबद्दल रमाबाईंनी वृत्तपत्रात पत्र लिहून सरकारवर उघड टीकाही केली. प्रार्थनेवर भिस्त ठेवणारी ही स्त्री अन्यायापुढे मौन बाळगणारी नव्हती.

माळरानावरच्या त्या छावणीतून मुक्ती सदन उभे राहिले. १८९८ मध्ये बॉस्टनच्या संस्थेच्या साहाय्याची दहा वर्षांची मुदत संपली. त्यानंतर ठरावीक उत्पन्नाची हमी नव्हती. भारतातून आणि परदेशांतून येणाऱ्या देणग्यांवर संस्था चालली आणि गरज भासेल तेव्हा रमाबाई आधी गुडघे टेकत. १८९९-१९०० मध्ये गुजरात व राजस्थानात भीषण दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी पुन्हा माणसे पाठवून मुली आणल्या. मुक्ती सदनाची लोकसंख्या दोन हजारांच्या आसपास गेली. पतित ठरवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन सुरू झाले. वृद्ध आणि अंध स्त्रियांचीही स्वतंत्र सोय करण्यात आली.

देणग्यांवर विसंबणाऱ्या या वसाहतीत आळसाला थारा नव्हता. पहाट प्रार्थनेने होई आणि मग कामाची पाळी लागे. शेती, दुग्धव्यवसाय, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा आणि छापखाना ही सारी कामे स्त्रियाच पाहत. अक्षरओळख सर्वांना सक्तीची होती. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली जाई. दुष्काळात भाकरीसाठी हात पसरणारी मुलगी काही वर्षांत खिळे जुळवू लागे, धडा शिकवू लागे किंवा नव्याने आलेल्या आजारी मुलीची शुश्रूषा करू लागे. रमाबाईंच्या प्रार्थनेचे मोल यातच मोजता येते. मागणे देवाकडे होते, पण ते पुरे करण्यासाठी राबणारे हात मुक्तीतल्याच स्त्रियांचे होते.

जागृतीचे वर्ष आणि अखेरचे कार्य

१९०५ च्या आरंभी मुक्तीमध्ये रोज सामुदायिक प्रार्थना सुरू झाली. प्रथम सत्तरएक जणी जमत. पुढे ही संख्या शेकड्यांत गेली. जूनअखेर तेथे जी धार्मिक जागृती झाली, तिची वार्ता जगभरच्या ख्रिस्ती वर्तुळांत पोहोचली. मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करीत आणि पापांची कबुली देत. हा प्रकार काहींना भावनांचा अतिरेक वाटला. भारतीय स्त्रियांनी आपल्या पद्धतीने देवाला आळवावे, पाश्चात्त्यांच्या शिस्तीचे माप त्यांना लावू नये, अशी रमाबाईंची भूमिका होती. त्या जागृतीनंतर मुलींचे गट आसपासच्या खेड्यांत सेवेसाठी जाऊ लागले.

आयुष्याचा शेवटचा मोठा कालखंड रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतरास दिला. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला कळत नाही, हे त्यांना दिसत होते. संस्कृतची ही पंडिता सोप्या मराठीसाठी झटू लागली. मूळ ग्रंथापर्यंत पोहोचण्यासाठी त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. जुळणी आणि छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून पूर्ण झाले. ते पाहण्यास रमाबाई हयात नव्हत्या.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. तोवर प्रकृती खालावली होती. कार्याची धुरा मनोरमा सांभाळेल, असे सर्वांनी गृहीत धरले होते. उच्च शिक्षण घेतलेल्या मनोरमाबाई आईच्या कामात पूर्णपणे सामील झाल्या होत्या आणि गुलबर्गा येथील मुलींच्या शाळेचा भारही त्यांच्यावर होता. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाईंचे निधन झाले. आईवडील, बहीण, भाऊ आणि पती यांच्यानंतर एकुलती एक मुलगीही गेली. रमाबाईंनी हे दुःखही त्याच श्रद्धेने सोसले आणि भाषांतराचे काम थांबू दिले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी, त्रेसष्टाव्या वर्षी, केडगाव येथे त्यांनी देह ठेवला.

वारसा

रमाबाईंच्या धर्मांतराविषयी महाराष्ट्रात दीर्घकाळ कटुता राहिली. त्यामुळे त्यांच्या कार्याची जेवढी नोंद व्हायला हवी होती, तेवढी अनेक वर्षे झाली नाही. अलीकडच्या पिढ्यांनी त्यांच्याकडे स्त्रीमुक्तीच्या अग्रणी म्हणून नव्याने पाहिले. १९८९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधार स्त्रिया आणि मुलांसाठी काम करते.

संकटात माणूस श्रद्धेकडे वळतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. त्या श्रद्धेचे पुढे काय होते, हा खरा प्रश्न असतो. रमाबाईंनी दोन दुष्काळ पाहिले. पहिल्यात त्या असहाय होत्या आणि त्यांनी आईवडील व बहीण गमावली. दुसऱ्यात प्रार्थनेने त्यांची भीती घालवली आणि त्यांना घराबाहेर काढले. पहिल्या दुष्काळात त्यांच्यासाठी कोणी आले नव्हते. म्हणून दुसऱ्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातील अनोळखी मुलींसाठी गेल्या. त्या मुलींपैकी बहुतेकींची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. मात्र त्या जगल्या, लिहा-वाचायला शिकल्या आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या.